तक्षक निसटतो, जळतात ते इतर

पनवेल हे मुळात खाडीचे आणि घाटवाटेचे गाव. १८५२ साली येथे नगरपालिका स्थापन झाली, तेव्हा मुंबईहून तरीने आलेला माल येथे उतरत असे आणि बैलांच्या पाठीवरून किंवा गाड्यांतून देशावर जात असे. आजचे पनवेल मात्र वेगळे आहे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कळंबोली, कामोठे या वसाहतींतून अवघा महाराष्ट्र येथे येऊन राहिला. आगरी, कोळी, कराडी हे येथले मूळ समाज; डोंगराकडे ठाकूर आणि कातकरी. जुन्या गावात १८४९ साली बांधलेले ‘बेथ एल’ हे बेने इस्रायलांचे प्रार्थनामंदिर आजही उभे आहे आणि ‘पनवेलकर’ हे आडनाव त्या समाजानेही दूरवर नेले आहे. कळंबोलीच्या लोखंड बाजारातील माथाडी कामगार साताऱ्याकडचे, बँकांतून निवृत्त झालेले कित्येक गृहस्थ सांगली-मिरजेकडचे, तर शाळांतील शिक्षक कोल्हापूरचे.

सिडकोच्या एखाद्या इमारतीत एकाच जिन्यावर समोरासमोर राहणाऱ्या दोन कुटुंबांची कल्पना करावी. त्यांपैकी एकाच्या आजोबांचे घर १९४८ च्या फेब्रुवारीत जळाले आणि दुसऱ्याचे आजोबा त्याच भागातले, असे सहज असू शकते. दोन्ही घरे गणपतीला एकमेकांकडे जातात, दिवाळीत फराळाची ताटे समोरच्या दारी पोहोचतात. तो विषय मात्र निघत नाही. हे मौन म्हणजे क्षमा आहे, विस्मरण आहे की आणखी काही?

एका समूहाने दुसऱ्याला दिलेल्या जखमेचे काय करावे, या प्रश्नावर आपल्याकडे दोन प्रकारची प्रवचने ऐकायला मिळतात. क्षमा हे श्रेष्ठ मनाचे लक्षण आहे, म्हणून सर्व विसरून पुढे जावे, असे एक सांगते. जो समाज विसरतो तो संपतो, म्हणून प्रत्येक घावाचा हिशेब चुकता करावा, असे दुसरे सांगते. दोन्ही प्रवचनांत एक समान गृहीत आहे. सूड हा मनोविकार आणि क्षमा हा संस्कार, असे दोन्हींना वाटते. भेद एवढाच की एकाला संस्कार हवा असतो आणि दुसऱ्याला त्यात दुबळेपणा दिसतो. गेल्या काही दशकांत उत्क्रांतीच्या अंगाने मानवी मनाचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी हे गृहीतच बाजूला ठेवले. सूड चांगला की वाईट, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. तो माणसाच्या मनात आला कशासाठी, हे त्यांनी विचारले.

मार्टिन डेली आणि मार्गो विल्सन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९८८ साली मनुष्यवधावर ग्रंथ लिहिला. जगभरातील ६० पारंपरिक समाजांची वर्णने त्यांनी तपासली, तेव्हा ५७ समाजांत खुनाबद्दल रक्ताचा सूड, त्या सूडाची इच्छा किंवा देहान्त शिक्षेची प्रथा आढळली. जी गोष्ट इतकी सार्वत्रिक आहे तिला एखाद्या संस्कृतीचा दोष म्हणता येत नाही. ती माणसाच्या जडणघडणीतच आहे. कारणही उघड आहे. ज्या लाखो वर्षांत हे मन घडले, त्या काळात पोलीस ठाणे नव्हते, न्यायासन नव्हते. माझ्या वाटेला गेलास तर महागात पडेल, हे आधीच कळलेले असणे हेच संरक्षण होते. ज्याचा सूड निश्चित, त्याच्या वाटेला सहसा कोणी जात नसे. म्हणजे सूडाची नजर वरवर भूतकाळाकडे असली, तरी त्याचे कार्य भविष्यात आहे. पुढचा आघात टळावा, एवढ्यासाठी ती व्यवस्था आहे.

परंतु हे चित्राचे अर्धे अंग झाले. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मायकेल मॅक्कलो यांनी २००८ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, क्षमा हीदेखील तितकीच जुनी आणि तितकीच नैसर्गिक प्रवृत्ती आहे. प्रत्येक अपराधावर तुटून पडणारा प्राणी लवकरच एकटा पडतो आणि एकटा पडलेला जगत नाही. हॉलंडमधील आर्नहेम येथील प्राणिसंग्रहालयात फ्रान्स द वाल यांनी चिंपांझींचे निरीक्षण केले. कडाक्याचे भांडण झाल्यावर थोड्याच वेळात तेच दोन प्रतिस्पर्धी एकमेकांजवळ येतात, हात पुढे करतात, मिठी मारतात, चुंबन घेतात, हे त्यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केले. तेथे धर्मग्रंथ नव्हता आणि उपदेशकही नव्हता. ज्याच्याशी उद्या काम आहे त्याच्याशी आज समेट करणे, हा जगण्याचा भाग होता. मॅक्कलो यांच्या मांडणीनुसार माणसाचे मन प्रामुख्याने तीन गोष्टी पाहून क्षमेकडे वळते. अपराधी आपुलकीस पात्र वाटतो काय, त्याच्याशी पुढेही उपयोगाचे नाते आहे काय, आणि तो पुन्हा घाव घालणार नाही अशी खात्री वाटते काय. यांतील तिसऱ्या गोष्टीचा विसर क्षमेच्या उपदेशकांना फार लवकर पडतो. सुरक्षिततेवाचून क्षमा मागणे म्हणजे जखमी माणसाला आणखी एकदा उघडे पाडणे होय.

येथपर्यंत सर्व ठीक आहे. अडचण पुढे आहे आणि तीच या विषयाचा गाभा आहे. द वाल यांनी पाहिलेला समेट एका कळपाच्या आतला होता. टांझानियातील गोम्बे येथे जेन गुडाल यांच्या निरीक्षणाखालील चिंपांझींचा कळप दुभंगला आणि १९७४ पासून सुमारे चार वर्षांत मोठ्या गटाने फुटून निघालेल्या लहान गटातील नरांना एकेक गाठून संपवले. एके काळी एकत्र वाढलेले हे प्राणी होते. पण गट वेगळा झाला आणि समेटाचे हात पुढे झाले नाहीत. निसर्गाने सूडाची सोय गटाच्या आत आणि बाहेर दोन्हीकडे केलेली दिसते. क्षमेची सोय मात्र प्रामुख्याने गटाच्या आतच. दोन गटांमधील क्षमा माणसाला निसर्गाकडून तयार मिळालेली नाही. ती तह, शपथ, भरपाई, सोयरीक, पंगत अशा मानवी व्यवस्थांतून घडवावी लागली.

आणखी एक घोटाळा आहे. व्यक्ती व्यक्तीचा सूड घेते तेव्हा अपराधी कोण, हे ठाऊक असते. गटाने गटाचा सूड घ्यायचा ठरवला की अपराधी हाती लागतोच असे नाही. हाती लागतो तो त्याच्यासारखा दिसणारा, त्याच्या जातीचा, त्याच्या आडनावाचा, त्याच्या गावचा. ब्रायन लिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये या प्रवृत्तीची शास्त्रीय मांडणी केली. ज्याला स्वतःला इजा झाली नाही असा माणूस, ज्याने स्वतः इजा केली नाही अशा माणसावर सूड उगवतो आणि दोघांना जोडणारा दुवा असतो तो केवळ गटाचा. दुसऱ्याचा गट जितका एकसंध भासतो, तितका हा दुवा घट्ट वाटतो. ‘ते सगळे सारखेच’ हे वाक्य म्हणूनच इतके धोक्याचे आहे.

भारतीय वाचकाला हे शोधनिबंधातून कळण्याची गरज नाही. महाभारताची सुरुवातच या घोटाळ्याने होते. परीक्षित राजाचा दंश तक्षकाने केला. त्याच्यावर उपचार करायला निघालेल्या काश्यपाला धन देऊन तक्षकाने वाटेतूनच परत पाठवले, म्हणजे त्या कृत्यामागे शापाच्या जोडीला कपटही होते. राजपुत्र जनमेजयाचा क्रोध न्याय्य होता, यात शंका नाही. पण त्याने आरंभले ते सर्पसत्र. अपराध एका तक्षकाचा आणि कुंडात पडू लागले हजारो सर्प. त्यांत कोणी परीक्षिताचे नाव तरी ऐकले होते की नाही कोण जाणे. शिवाय राजाला या सत्रासाठी उद्युक्त करणारा उत्तंक ऋषी होता आणि त्याचे तक्षकाशी स्वतःचे जुने वैर होते. त्याची कुंडले तक्षकाने पळवली होती. समूहाच्या क्रोधात कोणाचा तरी खाजगी हिशेब मिसळलेला असतो, हे व्यासांनी किती सहज नोंदवून ठेवले आहे! त्याही मागे खांडववनाचा दाह आहे. त्यात तक्षकाची पत्नी मारली गेली होती. कोणाचा घाव पहिला, हे शोधत गेले तर कथा मागेमागेच सरकत जाते.

ते सत्र थांबवले आस्तिकाने. पिता ऋषी आणि माता नागकन्या असलेला हा बालक दोन्ही कुळांचा होता. राजाने वर देऊ केला आणि त्याने सत्र थांबवण्याचा वर मागितला. शेवटी झाले काय? असंख्य सर्प जळाले आणि ज्याच्यासाठी हा अग्नी पेटवला तो तक्षक जिवंत राहिला.

आता महाराष्ट्राकडे वळावे. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. ते कृत्य निंद्य होते आणि ते करणारा जागच्या जागी पकडला गेला. पुढे न्यायालयासमोर खटला चालला, शिक्षा झाली. ज्याला तक्षक म्हणावे तो कोठडीत होता. तरीही मुंबई, पुणे, नागपूर आणि त्याहून अधिक सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत पुढचे कित्येक दिवस ब्राह्मणांची घरे, दुकाने, छापखाने, कारखाने जळत राहिले. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ भस्मसात झाला. मुंबईत डॉ. नारायणराव सावरकर यांच्यावर जमावाने दगडफेक केली. स्वातंत्र्यासाठी तारुण्य वेचलेले हे गृहस्थ त्या जखमांतून पुरते सावरले नाहीत आणि १९४९ च्या ऑक्टोबरात निवर्तले. त्यांच्या थोरल्या बंधूंना त्याच वर्षी न्यायालयाने निर्दोष सोडले होते. खेड्यांत ज्यांची घरे जळाली ते भिक्षुक, शिक्षक, कुळकर्णी, लहानसहान जमीनवाले होते. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘वावटळ’ या कादंबरीत हे सारे मांडले आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांनी अवश्य वाचावी.

या घटनांत केवळ गांधीजींविषयीचे दुःख होते असे कोणी म्हणणार नाही. जमिनीचे, सावकारीचे, गावातील मानापमानाचे जुने हिशेब त्या चार दिवसांत उकरले गेले. उत्तंकाची कुंडले अशी सर्वत्र असतात. पण प्रामाणिकपणे पाहायचे तर दुसरी बाजूही लिहावी लागते. त्या मानापमानांपैकी सारेच काल्पनिक नव्हते, आणि घरे जाळणारे सगळे मराठा समाजाचे, असे जे सरसकट बोलले जाते, तेही ‘ते सगळे सारखेच’ याच जातीचे वाक्य आहे. कारण त्याच गावांतून कित्येकांना आसरा देणारे, रातोरात गाडी जुंपून स्टेशनवर पोहोचवणारे, दारात काठी घेऊन उभे राहणारेही त्याच समाजाचे होते. वयोवृद्धांकडून अशा हकिगती आजही ऐकायला मिळतात. त्या कोणी छापत नाही, एवढेच.

ज्यांची घरे जळाली त्यांनी सूड घेतला नाही. याला क्षमा म्हणावे काय? शास्त्राच्या कसोटीवर तसे म्हणता येत नाही. सूड घेण्याचे बळ त्यांच्याकडे नव्हते आणि गावाशी पुढचे नाते राखण्याचे कारणही हळूहळू उरले नाही. त्यांनी तिसरा मार्ग धरला. ते निघून गेले. पुणे, मुंबई, पुढे नवी मुंबई आणि त्याही पुढे परदेश. निघून जाण्याने रक्तपात टळतो, मुलेबाळे शिकतात, घरे पुन्हा उभी राहतात. मात्र समेट होत नाही, कारण समेटाला समोर दुसरा माणूस लागतो. भालजी पेंढारकर यांना म्हणूनच अपवाद मानावे लागेल. ते कोल्हापूर सोडून गेले नाहीत; त्यांनी त्याच शहरात स्टुडिओ पुन्हा उभारला आणि १९५२ मध्ये ‘छत्रपती शिवाजी’ हा चित्रपट काढला. ज्या गावाने जाळले त्याच गावातील माणसांना घेऊन काम सुरू ठेवणे, हे कोणत्याही माफीनाम्याहून मोठे होते.

कोणी म्हणेल, ही दुबळ्यांची उदाहरणे झाली. बळ असते तर काय करायचे? त्यासाठी पनवेलच्या खाडीपलीकडे पाहावे लागेल. समोरच्या उरणचे, म्हणजे जुन्या करंजाचे बेट, साष्टी आणि वसई हा सारा टापू दोनशे वर्षे पोर्तुगीजांकडे होता. तेथील हिंदूंवरचा जाच कपोलकल्पित नव्हता. देवळे पाडली गेली, अनाथ मुले धर्मांतरासाठी उचलण्याचे कायदे झाले, गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन बसले. त्या न्यायासनाने जे ख्रिस्ती झालेले ज्यू होते त्यांनाही सोडले नाही. मुंबई बेट ज्यांच्याकडे एके काळी पट्ट्याने होते ते वनस्पतिशास्त्रज्ञ गार्सिया द ओर्ता वारले, त्यानंतर बारा वर्षांनी, १५८० मध्ये, त्यांच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या. सूडाला माणूस जिवंत असण्याचीही गरज वाटली नाही. अंजूरच्या गंगाजी नाईकांसारख्यांनी पेशव्यांकडे धाव घेतली ती या पार्श्वभूमीवर. १७३७ मध्ये मोहीम सुरू झाली, हजारो मराठे कामी आले आणि मे १७३९ मध्ये वसईने शरणागती पत्करली.

त्या क्षणी चिमाजी अप्पांच्या हाती सारे काही होते. दोनशे वर्षांचा हिशेब तटाच्या आत कोंडलेला होता. त्यांनी काय केले? शिबंदीला हत्यारांसह, निशाणे फडकवीत, वाद्ये वाजवीत बाहेर पडू दिले. कुटुंबांना सुरक्षित जाऊ दिले. जे ख्रिस्ती रयत म्हणून राहू इच्छित होते त्यांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक दिली. किल्लेदाराच्या घरातील स्त्रीला सन्मानाने परत पाठवल्याची आख्यायिकाही सर्वांना ठाऊक आहे. मोहिमेत चर्चची हानी झाली, घंटा उतरवल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील आणि भीमाशंकरची घंटा त्या विजयाची साक्ष म्हणून आजही दाखवली जाते. परंतु कत्तल झाली नाही.

त्याच वर्षीच्या मार्चमध्ये दिल्लीत काय झाले होते, ते येथे आठवावे. नादिरशहा मेल्याची अफवा उठली, काही इराणी शिपाई मारले गेले आणि त्याबद्दल नादिरने सबंध शहराच्या कत्तलीचा हुकूम दिला. एका दिवसात हजारोंच्या संख्येने दिल्लीकर मारले गेले. एकाच वसंतात हिंदुस्थानने सूडाचे आणि संयमाचे हे दोन नमुने पाहिले.

स्वातंत्र्यवीर सावरकरांनी ‘भारतीय इतिहासातील सहा सोनेरी पाने’ या ग्रंथात अशा संयमाला ‘सद्गुणविकृती’ म्हटले आहे. छत्रपती शिवाजी महाराज आणि चिमाजी अप्पा यांनी शत्रूच्या स्त्रियांना सन्मानाने परत पाठवले, यालाही त्यांनी दोष दिला. प्रत्याघाताची भीती नसेल तर अत्याचारी थांबत नाही, हा त्यांचा तर्क. त्याचा पूर्वार्ध आजच्या विज्ञानाशी जुळणारा आहे, हे मान्यच केले पाहिजे. प्रत्याघाताची क्षमता नसलेल्या समाजाला कोणी जपत नाही. प्रश्न उत्तरार्धाचा आहे. प्रत्याघात कोणावर? ज्या स्त्रीच्या हाती ना तोफ होती ना इन्क्विझिशनची मोहर, तिच्यावर घाव घातल्याने पोर्तुगीज सत्तेला कोणता धडा मिळाला असता? धडा मिळाला तो किल्ला, प्रांत आणि महसूल गमावल्याने, आणि तो इतका पुरेसा ठरला की वसईवर पोर्तुगीजांचे निशाण पुन्हा लागले नाही. शरण आलो तरी मरणच आहे हे शिबंदीला कळले असते, तर ती शेवटच्या माणसापर्यंत लढली असती, आणि पाऊस तोंडावर आला होता. सावरकर विवेकवादी होते; उपयुक्ततेच्या निकषावर पोथीसुद्धा तपासावी असे सांगणारे होते. त्यांच्याच निकषावर पाहिले तर येथे त्यांच्याशी असहमत व्हावे लागते. अप्पांचा निर्णय उदारतेचा तर होताच, पण तो हिशेबातही चूक नव्हता. ज्या रयतेला त्या दिवशी अभय मिळाले, तिचे वंशज आज वसईत मराठी बोलतात, मराठीत लिहितात. त्या समाजातील फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या निवडीवरून वाद झाला, तो वेगळा विषय. पण १७३९ मध्ये वसईत नादिरशाही झाली असती, तर वाद घालायलाही कोणी उरले नसते.

मग त्या घंटांचे काय? येथे आणखी एक संशोधन उपयोगी पडते. जर्मन मानसशास्त्रज्ञ मारिओ गोलविट्झर यांच्या प्रयोगांत असे दिसले की, अपराध्याला केवळ दुःख झाल्याने दुखावलेल्याचे समाधान होत नाही. आपल्याला हे कशाबद्दल भोगावे लागत आहे, हे अपराध्याला कळले आणि त्याने ते मानले, तर समाधान होते. मनाला रक्ताहून कबुली अधिक हवी असते. भीमाशंकरच्या घंटेचा प्रत्येक टोल ती कबुलीच देत आला आहे.

पनवेलच्या ‘बेथ एल’मध्ये प्रार्थना करणाऱ्या समाजाला या भूमीत कोणी छळले नाही, हे इस्रायलमध्ये गेलेले बेने इस्रायल अभिमानाने सांगतात. पण त्यांच्याच धर्मबांधवांवर युरोपात जे गुदरले त्याला इतिहासात तोड नाही. साठ लाख ज्यूंचा संहार झाल्यावर त्यांनी काय करावे? अब्बा कोवनेर यांच्या नेतृत्वाखालील काही वाचलेल्या तरुणांनी ‘नाकाम’, म्हणजे सूड, या नावाने गट स्थापला आणि न्यूरेंबर्गसह जर्मन शहरांच्या पाण्यात विष मिसळण्याची योजना आखली. ती फसली. १९४६ च्या एप्रिलमध्ये त्यांनी न्यूरेंबर्गजवळच्या छावणीत नाझी कैद्यांच्या पावांना विष लावले. सुमारे दोन हजार जण आजारी पडले, पण त्या विषाने कोणी दगावल्याचे सिद्ध झाले नाही. त्या तरुणांचे दुःख समजण्यासारखे आहे. तरीही पाण्यातले ते विष जर्मन अर्भकांच्या पोटात गेले असते आणि छळछावण्यांचे सूत्रधार दक्षिण अमेरिकेत सुखाने राहिले असते. पुन्हा सर्पसत्रच.

इस्रायल या राष्ट्राने वेगळी वाट धरली आणि ती सोपी नव्हती. जर्मनीकडून भरपाई घ्यायची की नाही, यावर १९५२ च्या जानेवारीत तेथील संसदेवर मोर्चा गेला, दगड पडले; मेनाहेम बेगिन यांच्या मते तो मेलेल्यांच्या रक्ताचा सौदा होता. ठराव ६१ विरुद्ध ५० मतांनी मंजूर झाला आणि १० सप्टेंबर १९५२ रोजी लक्झेंबर्ग येथे करार झाला. इस्रायलला तीन अब्ज मार्क आणि ज्यू संघटनांसाठी आणखी ४५ कोटी मार्क. दुसऱ्या बाजूला तक्षकाचा शोध थांबला नाही. अॅडॉल्फ आइखमनला १९६० मध्ये अर्जेंटिनातून उचलून आणले गेले, १९६१ मध्ये जेरुसलेममध्ये उघड खटला चालला, शंभराहून अधिक साक्षीदारांनी आपापली कहाणी त्याच्या तोंडावर सांगितली आणि १९६२ मध्ये त्याला फाशी झाली. अपराध्याला शिक्षा, त्याच्या राष्ट्राकडून कबुली व भरपाई, आणि ज्यांनी काही केले नाही अशा जर्मनांशी व्यवहार. यांत काही विसरले गेले नाही. त्या संहाराची स्मृती जितकी नीट ज्यूंनी जपली, तितकी क्वचितच कोणत्या समाजाने आपल्या जखमेची जपली असेल.

१९४८ च्या महाराष्ट्राला यांतले काही मिळाले नाही. खेड्यापाड्यांतून घडलेल्या जाळपोळीची जाहीर कबुली नाही आणि सर्वांसमोर नोंदवलेल्या साक्षीही नाहीत. म्हणून ती आठवण घराघरांत कुजबुजीच्या स्वरूपात उरली आणि कुजबुजीत नावे राहत नाहीत, जाती राहतात. नातवाला एवढेच कळते की ‘त्यांनी’ आपले घर जाळले. कोणी जाळले, त्या रात्री कोणाच्या गोठ्यात आजी लपली होती, गाडी कोणी जुंपली, हे कळत नाही. समोरच्या घरातील नातवालाही आपल्या आजोबांविषयी काही कळत नाही. ते कोणत्या बाजूला उभे होते, हे विचारण्याची त्याला भीती वाटते.

आज ही भरपाई करणे कोणाच्या हाती नाही. अपराधी आणि पीडित दोघेही बहुतेक गेले. पण साक्षी अजून घेता येतील. त्या वेळी जे सात-आठ वर्षांचे होते ते आता पंच्याऐंशीच्या घरात आहेत. त्यांतले काही नवीन पनवेल आणि खांदा कॉलनीतल्या ज्येष्ठ नागरिक संघांत संध्याकाळी बाकांवर बसलेले दिसतात. पनवेलमध्ये वाचनालये आहेत, व्याख्यानमाला आहेत, महाविद्यालयांत इतिहासाचे विद्यार्थी आहेत. एखाद्या संस्थेने ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन या बाकांपर्यंत जावे आणि दोन्ही याद्या कराव्यात: कोणाचे घर जळाले याची, आणि कोणी कोणाला आसरा दिला याची. गावाचे नाव, माणसाचे नाव, तारीख आठवत असेल तर तारीख. दुसरी यादी करताना समोरच्या दारची बेल वाजवावी लागेल, कारण तिच्यातली अर्धी नावे त्या घराला ठाऊक असतील.